करुणाची सुट्टी

करुणा एकटीच अंदमानला निघालीय, ही बातमी सणसरमध्ये कुशाबाईनं फोडली. कुशाबाई शेजारीण; करुणा कामावर गेली की दिवसभर तिच्या वडिलांजवळ बसायची. तिनं पिठाच्या गिरणीत दोघीतिघींना सांगितलं आणि दिवेलागणीपर्यंत अर्ध्या गावाला ते कळलं. कुणी हसलं. कुणी "कुणासंगं चाललीय?" असं विचारलं. एकटीच, या उत्तरावर मात्र कुणाचा विश्वास बसेना.

करुणा तेव्हा त्रेचाळीस वर्षांची होती. बारामतीत मुलींच्या एका वसतिगृहावर अधीक्षक. सकाळी एसटीनं जायचं, मुलींचे रुसवे, तापखोकले, मेसच्या भाजीवरून होणारी भांडणं निस्तरायची आणि संध्याकाळी परत यायचं. लग्नाच्या वयात आई अंथरुणाला खिळली. ती गेली तोवर स्थळं यायची थांबली होती. मग वडील, भानुदास. त्यांना सगळं गाव आबा म्हणायचं. नोकरीभर त्यांनी कालव्यावर पाटकरी म्हणून पाण्याच्या पाळ्या सांभाळल्या. कुणाच्या बांधाला आधी पाणी, कुणाच्या नंतर, यावरून कुऱ्हाडी निघायच्या, आणि हा सडपातळ माणूस मध्ये उभा राहून नुसत्या आवाजावर माणसं मागं सारायचा. निवृत्त झाल्यावर एका सकाळी दाढी करता करता ते आरशासमोरच कोसळले. उजवी बाजू गेली, आणि तो आवाजही गेला. "करू", "न्हाय" आणि "पानी" एवढेच शब्द तोंडात राहिले. करू म्हणजे करुणा.

त्याला सहा वर्षं होऊन गेली होती. या सहा वर्षांत करुणा सलग अशी झोपलीच नव्हती. पाठीला जखम होऊ नये म्हणून आबांची कूस बदलायची, ओलं झालेलं काढायचं, पातळ करून भरवायचं. तिच्या अंगात ते इतकं मुरलं होतं की वसतिगृहात खुर्चीवर बसल्या बसल्याही ठरलेल्या वेळी तिचा हात उशी सरकवायला उचलला जायचा.

बेटाचं खूळ तिच्या डोक्यात भरवलं ते संस्कृतीनं. संस्कृती भिगवणची, शेतकी शिकायला वसतिगृहावर राहणारी. आदल्या वर्षी ती मैत्रिणींबरोबर अगदी कमी पैशात अंदमानातल्या नील नावाच्या छोट्या बेटावर राहून आली होती. एकदा ती करुणाला फोनमधले फोटो दाखवत बसली.

"तिथं बघायचं काय असतं गं?" करुणानं विचारलं.

"काहीच नाही ताई. बसायचं. कंटाळा येईपर्यंत बसायचं, आणि कंटाळा आला की अजून थोडं बसायचं."

करुणा हसली. पण ते वाक्य तिला सोडेना. भांडी घासताना, एसटीत उभं असताना ते आठवायचं. काही न करण्यासाठी माणसं एवढ्या लांब जातात, आणि परत येऊन ते आनंदानं सांगतात! एके दिवशी तिनं संस्कृतीला ऑफिसात बोलावलं आणि दार लोटून घेत म्हणाली, "मला जायचं तर कसं जायचं?"

सगळं संस्कृतीनंच जमवलं. दौंडहून चेन्नईची गाडी, स्लीपरनं. चेन्नईहून जहाज, त्यातही सगळ्यात तळाचा स्वस्त वर्ग. पुढं बेटावर सरकारी बोट आणि राहायला बांबूची खोली. दिवाळीत वसतिगृह रिकामं होतं, तेव्हा जायचं ठरलं.

राहिला प्रश्न आबांचा. तिनं पुण्याला दादाला फोन लावला. तिचा थोरला भाऊ बुद्धघोष बँकेत अधिकारी होता.

"दादा, दिवाळीच्या सुट्टीत तू हितं येऊन राहा. मला जरा बाहेर जायचंय."

"किती दिवस?" त्यानं विचारलं. तिनं सांगितलं तेव्हा म्हणाला, "एवढे? आणि आबा?"

"म्हणून तर तुला बोलावतेय."

तो आला. बायको मुलांना घेऊन माहेरी गेली होती, म्हणून एकटाच आला. करुणानं त्याला सगळं करून दाखवलं. कूस कशी बदलायची, आबांना न उठवता चादर कशी बदलायची. "भरवताना मागं लोड लावून नीट ताठ बसवायचं बरं का. घास छोटा. आडवं ठेवून काही द्यायचं न्हाय."

"कळलं गं. मी काय परका हाय का?"

आबांना तिनं स्वतःच सांगितलं, पेज भरवता भरवता. त्यांनी तोंड मिटून घेतलं. "न्हाय," ते म्हणाले. तिनं पुन्हा समजावलं, दादा आहे, कुशामावशी आहे, मी लगेच येते. "न्हाय." निघायच्या सकाळी ती पिशवी खांद्याला लावून त्यांच्याजवळ गेली, तर त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. ती थांबली. त्यांच्या मानेवरच्या पांढऱ्या केसांवरून हात फिरवला. ते वळले नाहीत. बाहेर जीपवाला हॉर्न वाजवत होता. दौंडपर्यंतच्या रस्त्यात तिनं तीनदा ठरवलं, की परत फिरावं.

ती फिरली नाही.

जहाजाचे ते तीन दिवस वाईट गेले. तळच्या दालनात एकावर एक लोखंडी पलंग, डिझेलचा वास, रडणारी पोरं. समुद्र हलायला लागला तसं तिच्या पोटात काही ठरेना. शेजारची एक म्हातारी तिला लिंबू चाटायला द्यायची. आणि ज्या वेळी आबांची कूस बदलायची त्या वेळी करुणा जागी व्हायचीच. उठून बसायची, आणि हात कुठं न्यावा हे न कळून तशीच बसून राहायची.

नीलवर उतरली तेव्हा पहिल्यांदा तिच्या लक्षात आलं ते हे की इथं कुणालाच घाई नाही. धक्क्यापासून बाजार चालत जाण्याइतका, बाजार संपला की सुपारीच्या बागा आणि वांग्या-टोमॅटोचे वाफे, आणि वाफे संपले की समुद्र. खोलीची मालकीण बंगाली विधवा होती. पाहुणे तिला माशी म्हणायचे. बंगालीत मावशीला माशी म्हणतात हे कळेपर्यंत करुणाला त्या बाईला हाक मारायचाच संकोच वाटे. खोली म्हणजे बांबूच्या भिंती, वर पत्रा, एक खाट आणि मच्छरदाणी. नळ बाहेर, सगळ्यांना मिळून एक.

सुरुवातीला तिला काही न करता बसायला जमलंच नाही. ती खोली झाडायची, झाडलेली खोली पुन्हा झाडायची. माशीच्या अंगणात जाऊन शेंगा निवडू लागायची. माशी तिच्या हातातलं सूप काढून घ्यायची आणि किनाऱ्याकडं बोट दाखवायची, "जाओ, बैठो." मग करुणा जाऊन बसायची. पाण्याकडं बघायची आणि मनात आबांजवळ जायची. आत्ता दादानं ओलं काढलं असेल का? गोळ्या दिल्या असतील का? फोनला खोलीत रेंज नव्हती. धक्क्यापाशी गेलं तरच मिळायची. संध्याकाळी ती तिथं जाऊन फोन करायची. दादा "सगळं ठीक हाय" एवढंच म्हणायचा. आवाज थकलेला असायचा. तिथं अंधार लवकर पडे. आपल्याकडं चहाची वेळ व्हावी तेव्हा तिथं दिवे लागायचे, आणि एवढ्या लांबलचक संध्याकाळचं करायचं काय हे तिला कळत नसे. म्हणून ती झोपायची. चार-दोन दिवसांनी एका सकाळी ती जागी झाली तेव्हा ऊन आत आलं होतं. ती मध्ये एकदाही उठली नव्हती.

त्याच दिवशी ओहोटीला माशीनं तिला खडकांवर पाठवलं. पाणी पार मागं गेलं होतं, आणि एरवी झाकलेला तळ उघडा पडला होता. खळग्या-खळग्यांत साचलेलं स्वच्छ पाणी, त्यात निळे मासे, काळ्या काकडीसारखं काहीतरी, बोटाएवढी एक चांदणी. एका खळग्यात एक खेकडा जुना शंख टाकून नव्यात शिरायला बघत होता. नवा लहान पडत होता. तो बाहेर यायचा, जुना चाचपायचा, पुन्हा नव्याकडं जायचा. करुणा उकिडवी बसून ते बघत राहिली. गुडघे दुखायला लागले तेव्हा सरळ पाण्यातच बसली. भरतीचं पाणी कमरेला लागलं तेव्हा कुठं ती उठली, आणि ओल्या साडीनं परत येताना तिच्या ध्यानात आलं, की सकाळपासून आबा एकदाही मनात आलेले नाहीत.

ती दचकली. मग तिला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

त्या दिवशी ती धक्क्यावर जरा उशिराच गेली. फोन रेंजमध्ये येताच दादाचे निरोप एकामागून एक धडकले. आबांना ताप आहे. ताप उतरत नाही. दम लागलाय. बारामतीला दवाखान्यात आणलंय. तुझा फोन का लागत नाही. कुठं आहेस तू.

तिनं फोन लावला.

"छातीत पाणी झालंय म्हणतात," दादा म्हणाला. "न्यूमोनिया. करुणा, तू ये. कशीबी ये."

ती तशीच तिकिटाच्या खिडकीशी धावली. खिडकी बंद होती. बाहेर उभ्या माणसानं सांगितलं, समुद्रात वादळ उठलंय, धोक्याचा सिग्नल लागलाय, बोट बंद. उद्या विचारा.

दुसऱ्या दिवशी तेच. वारा सुटला, पाऊस आडवा यायला लागला, नारळाच्या झावळ्या रस्त्यावर येऊन पडल्या. शेजारच्या खोल्यांतले पाहुणे पत्ते घेऊन बसले. सुट्टी आपोआप वाढली म्हणून त्यांना आनंद झाला होता. एक पोरगी टाळी देत म्हणाली, "ऑफिसला कळवून टाकलं, आम्ही अडकलो!" करुणाला त्या शब्दावर उठून तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. अंगणात माशीचा कुत्रा झोपला होता. केळीचं पान पावसात हलत होतं. कशालाच घाई नव्हती, आणि तीच गोष्ट आता तिचा गळा दाबत होती.

ती कोळ्यांकडं गेली. एकाला म्हणाली, तुझी होडी काढ, मागशील ते देते. त्यानं नुसतं तिला किनाऱ्यावर नेलं आणि समुद्र दाखवला. माशीला ते कळलं तेव्हा ती भडकली. "बाप से पहले तू जाएगी!" म्हणाली, आणि भाताचं ताट तिच्यापुढं आदळलं. करुणानं चार घास गिळले. घशाखाली उतरताना तिला आबांचा घसा आठवत होता.

दिवसभर ती धक्क्यावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसून राहायची. रेंज यायची, जायची. एकदा लागला तेव्हा ती म्हणाली, "दादा, फोन आबांच्या कानाशी धर."

यंत्राचा फसफस आवाज आला. त्यामागं श्वास.

"आबा, मी करू. ऐकू येतंय का? मी येतेय. बोट सुरू झाली की येतेच. तुमी थांबा हां आबा." ती लहान पोरीसारखं बोलत राहिली. मग दादाचा आवाज आला, "ओठ हलवले त्यांनी."

"काय म्हणले?"

"कळलं न्हाय. मास्क हाय तोंडावर."

तीनच तर शब्द होते. त्यांतला कुठला, ते तिला पुढं कधीच कळायचं नव्हतं.

आबा दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. दादानं फोनवर सांगितलं, "करू, आबा गेले गं." आयुष्यात कधी त्यानं तिला करू म्हटलं नव्हतं. मग तो म्हणाला, "थांबू का तुझ्यासाठी?"

तिनं समुद्राकडं पाहिलं. "न्हाय. उद्याचंबी काही सांगता येत न्हाय. थांबू नका."

"तू गेलीस म्हणून झालं हे," दादा एकदम म्हणाला. आणि फोन तुटला, की त्यानं तोडला, कोण जाणे.

दुपारी त्याचाच पुन्हा फोन आला. सणसरला घेऊन आलो आहोत, म्हणाला. फोन चालू ठेवतो, ऐक. गावातल्या ओळखीच्या आवाजांत त्रिशरण-पंचशील सुरू झालं. करुणा उभी राहिली, डोक्यावर पदर घेतला. शेडच्या पत्र्यावर पाऊस असा कोसळत होता की फोन कानावर दाबून धरला तरी अर्धंच ऐकू येई. मध्येच आवाज तुटला. तिनं फोन खाली केला, हात जोडले आणि उरलेलं स्वतःच्या तोंडानं पुरं केलं, मोठ्यानं. आडोशाला उभे असलेले दोन पाहुणे बोलायचे थांबले आणि तिच्याकडं बघत राहिले.

बोट सुरू झाली तेव्हा आकाश धुतल्यासारखं निळं होतं. संस्कृतीनं बारामतीहून तिचं विमानाचं तिकीट काढून ठेवलं होतं. करुणा आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसली आणि सगळी वाट झोपली. पुण्यात उतरताना कुणीतरी तिला हलवून उठवलं, तेव्हा तिला स्वतःची लाज वाटली.

आबांच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला घर भरलं होतं. भन्तेजी येऊन गेले, जेवणं झाली, आणि बायका ओसरीवर बसल्या. करुणाचा चेहरा उन्हानं रापला होता. पण डोळ्यांखालची वर्षानुवर्षांची काळी वर्तुळं गेली होती. ते कुणाच्याच नजरेतून सुटलं नाही.

"बाप मरायला टेकला, आन् लेक समिंदराची हवा खात बसली," अक्काबाई म्हणाली. ही तिची सख्खी आत्या. आवाज बारीक करण्याचे कष्ट तिनं घेतले नाहीत. "परकी माणसंबी आली. लेक न्हाय आली."

करुणा चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिनं आत्याच्या हातात कप दिला आणि आत निघून गेली.

आत कुशाबाई भांडी आवरत होती. करुणाला बघून ती थांबली, दाराकडं पाहिलं, आणि हळू आवाजात म्हणाली, "सांगू का नको, मला कळंना. बुद्धघोषदादा आबांना आडवं ठिवूनच भरवायचा. मी म्हणलं, बसवा. तर म्हणला, मला येकट्याला उचलत न्हायत. त्या दिशी लई ठसका लागला गं. डोळे पांढरे झालते. त्याच रात्री ताप आला."

करुणा ओट्याला टेकली. सगळं एका क्षणात तिच्यापुढं आलं: आडवी मान, श्वासनळीत गेलेली पेज, छातीतलं पाणी. बाहेर आत्याचं अजून चालूच होतं. दोन पावलं बाहेर जाऊन एक वाक्य बोलायचं, की सगळ्या ओसरीच्या माना दादाकडं वळल्या असत्या. ते वाक्य तिच्या दातांपर्यंत आलं होतं.

"मावशी, हे आनखी कुणाला सांगू नका," ती म्हणाली.

तिनं ते चांगुलपणानं गिळलं असं मात्र नाही. पुढं कितीतरी आठवडे ती दादाचा फोन घेत नव्हती. बारामतीहून परत यायची, रिकाम्या खाटेशेजारी बसायची आणि मनातल्या मनात त्याच्याशी भांडायची. एवढंच तर सांगितलं होतं तुला. एवढंच. भांडून दमली की आपण त्या खळग्यात बसलो होतो ती दुपार आठवायची, आणि मग ती स्वतःशी भांडायची. आबांना दम लागला तो त्याच दुपारी का? वेळ जुळवून बघायचं धाडस तिला झालं नाही.

उसाच्या तोडी जोरात होत्या तेव्हा दादा न कळवता आला. घरात बसवेना म्हणून दोघं कालव्याच्या भरावावर जाऊन बसली. आवर्तन चालू होतं. कालवा भरून वाहत होता. बराच वेळ तो गवताच्या काड्या तोडत राहिला.

"डॉक्टरांनी मला विचारलं होतं, जेवताना ठसका लागला होता का म्हणून," तो म्हणाला. "करुणा, खरं सांग. माझ्या हातनं झालं का हे?"

तिनं त्याच्याकडं पाहिलं. पन्नाशीला आलेला माणूस, दाढी वाढलेली. नाही म्हणणं सोपं होतं.

"व्हय," ती म्हणाली. "त्यानंच झालं असंल."

तो रडायला लागला. तिनं त्याला रडू दिलं. पाठीवर हात ठेवला नाही.

"मला जमत नव्हतं गं. एवढं जड असतं हे मला ठाऊकच नव्हतं. तू कसं करत होतीस?"

"मलाबी कुठं जमत होतं?" करुणा पाण्याकडं बघत म्हणाली. "पहिल्या महिन्यात माझ्या हातनंबी दोनदा श्वास कोंडला होता त्यांचा. मी बोंबलत रस्त्यावर पळाले होते. ते वाचले, एवढंच. मी गेले नसते तर ते अजून असते, असंबी असंल. पण मी गेले. अन् मला जायचं होतं, दादा. ते मला खोटं म्हणता येत न्हाय."

पलीकडून उसाच्या दोन ट्रॉल्या करकरत गेल्या. त्यांची धूळ हळूहळू खाली बसली.

"तितं कसं होतं?" त्यानं विचारलं.

परत आल्यापासून हे तिला कुणी विचारलं नव्हतं. करुणानं ओहोटीपासून सुरुवात केली. पाणी किती मागं जातं, तळ कसा उघडा पडतो, ते ती हातांनी दाखवत सांगायला लागली. सांगता सांगता तिचा आवाज दोनदा फुटला, पण ती थांबली नाही, आणि दादा मान खाली घालून ऐकत राहिला.